स्क्रीन काळी पडली म्हणून फॉरमॅट कशाला?

लिनक्स म्हणजे मोठ्या शहरातल्या इंजिनिअरांचा नाद, हा समज बीड जिल्ह्यात तरी राहू नये. ई-कोर्ट्स प्रकल्पातून देशभरातल्या जिल्हा न्यायालयांत उबुंटू लिनक्स पोचलं. बीडचं न्यायालयही त्याच प्रकल्पात येतं. आता १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपल्यावर जुन्या पण धडधाकट कॉम्प्युटरसाठीही लिनक्सचा विचार होतो. तिथे अनेकांना पहिली ठेच लागते ती स्क्रीनची.

लोगो दिसतो, मग नुसता अंधार. ‘सिस्टिम उडाली’ म्हणत मशीन दुकानात जातं, फॉरमॅट होतं आणि फोटो, दाखले, हिशोब सगळं पुसलं जातं. सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. बहुतेक वेळा आतलं काम सुरळीत चालू असतं, अडलेला असतो तो फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर लॉगिनची ओळ उमटली, तर सिस्टिम शाबूत आहे. तीही आली नाही, तर मशीन सुरू होताना ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू उघडावा, ‘ई’ दाबावं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द जोडावा आणि एफ१० दाबावं.

स्क्रीन उजळली की काम फत्ते, असं मात्र नाही. नोमोडसेट ही कुबडी आहे. रिझोल्यूशन घसरतं, चित्राचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो, व्हिडिओ अडखळतो. खरा ड्रायव्हर बसला की तो शब्द काढायचाच.

लिनक्सला ड्रायव्हरच मिळत नाहीत, हेही खरं नाही. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, येतात. अडतं ते मुख्यतः एनव्हिडियापाशी. या कंपनीने कर्नल मॉड्यूलचा स्रोत मे २०२२मध्ये खुला केला, तोही ट्युरिंग पिढीच्या आणि त्यानंतरच्या कार्डांपुरता. जुन्या कार्डांसाठी स्वयंसेवकांनी चिकाटीने उभा केलेला नूवो ड्रायव्हर आहे. त्या कामाचं मोल फार मोठं आहे.

‘सगळ्यात नवा ड्रायव्हर सगळ्यात चांगला’ हा हिशेबही इथे चुकतो. एनव्हिडियाच्या जीटी ७१० कार्डाला ड्रायव्हरची ४७० ही शेवटचीच मालिका चालते. त्यापुढचा ड्रायव्हर ते कार्ड ओळखतच नाही. शिवाय कंपनीच्या साइटवरून हाताने बसवलेला ड्रायव्हर कर्नल अपडेट झाल्यावर अनेकदा मागे पडतो. उबुंटू किंवा मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून घेतलेला ड्रायव्हर नव्या कर्नलबरोबर जुळवून दिला जातो.

अपडेट चालू असताना लाइट गेली, तर हीच जुळणी अर्धवट राहते. ग्रबच्या अॅडव्हान्स्ड पर्यायांतून मागचा कर्नल निवडला की बहुधा स्क्रीन परत येते आणि राहिलेलं अपडेट पुरं करता येतं.

ड्रायव्हर बसवूनही चालत नसेल, तर सिक्युअर बूट तपासावं. सही नसलेलं मॉड्यूल ते आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर विचारतं. तिथे घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबू नये. ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड टाकावा.