मालवणचा वैशाख आणि वळीव

वैशाखात मालवणच्या किनाऱ्यावर पारा बहुधा 33-34 अंशांची मर्यादा ओलांडीत नाही, आणि तरीही विदर्भातील चाळिशीपारच्या उन्हातून आलेला पाहुणा येथे पहिल्याच दिवशी हैराण होतो. कारण समुद्रसान्निध्यामुळे हवा बाष्पाने इतकी भारलेली असते की घामाला वाळण्यास अवसरच मिळत नाही. जमीन समुद्राहून लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते, आणि दुपारच्या सुमारास खारा वारा किनाऱ्यावर दाखल होतो. हाच वारा बाष्पाची रसद घेऊन कुडाळ-सावंतवाडीमार्गे सह्याद्रीच्या पायथ्याशी पोहोचतो, सुमारे 690 मीटर उंचीच्या आंबोलीच्या डोंगराला अडून वर उचलला जातो, आणि तिसऱ्या प्रहरी घाटमाथ्यावर काळ्या ढगांची उतरंड रचतो. वरच्या थरांतील वारे पूर्वेचे असले, तर हे ढग किनाऱ्याकडे सरकतात. प्रथम ढगातून कोसळणारी थंड हवा धुरळा उडवीत येते, तपमान झरझर उतरते, आणि खारट रसात पुन्हा पुन्हा बुडवून खळ्यात वाळत घातलेली कोकमाची सोले उचलण्यास घरातील लहानथोरांची एकच धांदल उडते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांस तिनाने भागले असता तिचे अंतर किलोमीटरांत कळते. मात्र हे गणित माडाखाली उभे राहून करू नये!

मोसमी पाऊस ही या वळवाहून निराळी बाब. त्याचा अंमल येथे साधारणतः जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. 2025 साली मात्र त्याची सीमा 25 मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपली, आणि वळवाला आपला हंगाम पुरता भोगता आला नाही.