गेमिंग मॉनिटरवरील चलत्-प्रतिमेची स्पष्टता आणि तेजस्विता : एक विवेचन

प्रस्तावना :
गेमिंग मॉनिटरच्या माहितीपत्रकात '१ मिलिसेकंद' आणि '४०० निट्स' असे आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात. हे दोन्ही लाभ एकाच वेळी मिळतीलच असे नाही. त्यामागील कारणांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पुसटतेचे कारण :
सीआरटी पडद्यावरील प्रत्येक बिंदू क्षणभर उजळून मावळत असे. एलसीडी पडद्यावर मात्र पुढील चित्र येईपर्यंत आधीचे चित्र स्थिर राहते. डोळा सरकत्या वस्तूचा सतत मागोवा घेतो, चित्र मात्र जागीच थांबलेले असते. परिणामी ते दृष्टिपटलावर पसरते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. वस्तूचा वेग सेकंदाला ९६० पिक्सेल असल्यास पुसटता १६ पिक्सेलची होते. पिक्सेलचा रंग तत्काळ बदलला तरी ही पुसटता उरतेच.

उपाय आणि त्याची किंमत :
यावर उपाय म्हणून पार्श्वप्रकाश प्रत्येक चित्रासाठी अल्पकाळच उजळवला जातो. १२० हर्ट्झला चित्राचा अवधी ८.३ मिलिसेकंद असतो. त्यापैकी २ मिलिसेकंदच प्रकाश दिल्यास वरील वेगाची पुसटता ८ वरून सुमारे २ पिक्सेलवर येते. परंतु टॅल्बट-प्लॅटो नियमानुसार वेगाने लुकलुकणारा प्रकाश डोळ्यास त्याच्या सरासरीइतकाच तेजस्वी भासतो. त्यामुळे ४०० निट्सचा पडदा ९६ निट्सवर उतरतो. एलईडींचा विद्युतप्रवाह वाढवून ही तूट भरता येते. मात्र उष्णता आणि एलईडींचे आयुष्य यांची त्यास मर्यादा पडते. एनव्हिडियाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या 'यूएलएमबी २' तंत्रात याच तत्त्वावर तेजस्विता राखण्याचा प्रयत्न आहे.

दुसरा मार्ग चित्रसंख्या वाढविण्याचा. ४८० हर्ट्झला चित्राचा अवधीच सुमारे २.१ मिलिसेकंद असल्याने प्रकाश न घटता तेवढीच स्पष्टता मिळते. मात्र संगणकाने सेकंदाला ४८० चित्रे निर्माण करणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
माहितीपत्रकातील '१ मिलिसेकंद' हा आकडा कधी पिक्सेलच्या रंगबदलाचा, तर कधी चित्र दिसत राहण्याच्या कालावधीचा असतो. दुसरा आकडा बहुधा पार्श्वप्रकाश लुकलुकता ठेवूनच साधलेला असतो. त्या स्थितीत पूर्ण तेजस्विता गृहीत धरता येत नाही. अंधाऱ्या खोलीत वेगवान खेळासाठी ही तडजोड उचित ठरते. उजेडाच्या खोलीत, दीर्घ वाचनासाठी, किंवा लुकलुकीने डोके दुखणाऱ्या व्यक्तीसाठी स्थिर प्रकाशच श्रेयस्कर होय.