बंब कुठून निघतो?

फेब्रुवारी-मार्च आला की बेळगावच्या पश्चिम भागातली एक बातमी ठरलेली असते. पिंजराच्या (भाताच्या पेंढ्याच्या) गंजीला आग, नाहीतर उसाच्या फडाला, नाहीतर डोंगरउतारावरच्या काजूच्या बागेला. गाव तेवढं बदलतं. आज उचगाव, उद्या बसुर्ते, परवा बेकिनकेरे किंवा कुद्रेमनी. कारणंही ओळखीची आहेत: वीज कंपनी हेस्कॉमच्या लोंबणाऱ्या तारा एकमेकींना घासतात, कोणीतरी बांध पेटवतो आणि वारा सुटतो. बंब येईपर्यंत बरंचसं जळून गेलेलं असतं.

बंबावरच्या जवानांना बोल लावण्यात अर्थ नाही. दोष अंतराचा आहे. उचगाव बेळगावपासून दहा-बारा किलोमीटर. शहरातून निघालेल्या गाडीला कॅम्प, हिंडलगा, सुळगा ओलांडून उचगाव फाट्यावर वळावं लागतं. हा वेंगुर्ल्याचा रस्ता, ट्रकांची वर्दळ कायम. अग्निशमन सेवेसाठी देशात जे निकष मानले जातात त्यांत पोहोचण्याचा वेळ शहरात पाच ते सात मिनिटं आणि ग्रामीण भागात वीस मिनिटं धरला आहे. कडक उन्हातली पिंजराची गंजी वीस मिनिटं वाट पाहत नाही. आणि उचगाव, सुळगा, हिंडलगा ही आता निव्वळ ग्रामीण गावं तरी कुठे उरली? शेताचे प्लॉट झाले, मंगल कार्यालयं उठली. मंगळवारी-शुक्रवारी मळेकरणी देवीला येणाऱ्यांच्या गाड्यांनी उचगावचा रस्ता भरतो. उपनगर वाढलं, बंब मात्र शहरातच राहिला.

याचं एक मूळ राज्यघटनेच्या पानांत सापडतं. 74व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या 18 विषयांत अग्निशमन सेवा सातवी आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. त्यांत ‘इंधन आणि चारा’ आहे, पण त्या चाऱ्याला आग लागली तर ती विझवणं कुठेच नाही. कर्नाटकात 1964 च्या अग्निशमन दल कायद्यानुसार हे काम राज्याच्या खात्याकडे आहे आणि ठाणी साधारणपणे तालुक्याच्या गावी. सीमेपलीकडे महाराष्ट्रात बंब मुख्यतः महापालिका, नगरपालिका आणि एमआयडीसीचे. म्हणजे उचगावपासून थोड्याच अंतरावर, बाची गाव ओलांडलं की व्यवस्थाच बदलते. शिनोळीत कारखाने उभे राहिले, त्यांचा तालुका चंदगड आणि जिल्हा कोल्हापूर, पण सर्वांत जवळचं मोठं शहर बेळगावच. भाषा, बाजार, सोयरीक दोन्हीकडची एकच आहे. आगीच्या वेळी मात्र कोणत्या राज्याचा फोन लावायचा, इथून सुरुवात.

या पट्ट्यात नवं ठाणं हवं, हे म्हणणं सोपं. ठाणं म्हणजे काय लागतं, हे समजून घेतलं तर मागणी नेमकी करता येते.

पहिली गोष्ट जागेची. एक-दोन एकर, रुंद रस्त्याला लागून. बंबाचं गॅरेज थेट रस्त्याकडे तोंड करून असावं लागतं. गाडी मागे-पुढे घेण्यात मिनिट गेलं तर ते ठाणं चुकीच्या जागी बांधलं असं समजावं. शेजारी वॉच रूम. फोन तिथे येतो आणि तिथला माणूस तीनच गोष्टी विचारतो: काय पेटलंय, नेमकं कुठे, खूण काय. मागे ड्रिलचं पटांगण आणि उंच मनोरा. पाहुण्यांना तो पाण्याची टाकी वाटतो. शिडीचा सराव त्यावर होतो, ओले होज पाइप सुकायला त्यावरून सोडतात. ओला पाइप गुंडाळून ठेवला तर कुजतो आणि ऐन वेळी फुटतो. बंबाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, म्हणून तो दाब सतत राखून ठेवावा लागतो. रोज सकाळी इंजिन सुरू करून पंप तपासायचा. चोवीस तास पाळ्या, म्हणून जवानांसाठी क्वार्टर्स.

दुसरी गोष्ट पाणी, आणि खरी मेख इथेच आहे. नेहमीच्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. पंप पूर्ण ताकदीने चालवला तर ते दोन-तीन मिनिटांत संपतं. मग गाडी भरणार कुठे? ठाण्याखाली मोठी टाकी हवीच, शिवाय गावागावांतल्या विहिरी, तलाव आणि मार्कंडेय नदीवर गाडी थेट काठाशी जाईल अशा जागा ठरवलेल्या हव्यात. राकसकोप जलाशयाचं पाणी शहराला जातं. वाटेवरच्या गावांत बंब भरायला एक जोडणी मागणं काही जगावेगळं नाही.

धोकाही आता पिंजरापुरता उरलेला नाही. बेळगाव शहराचा कचरा याच पट्ट्यातल्या तुरमुरीच्या डेपोत येतो, आणि कुजणाऱ्या कचऱ्यातला मिथेन सहज पेट घेतो. ऑगस्ट 2024 मध्ये शहराबाहेर नावगे इथे चिकटटेपच्या कारखान्याला रात्री आग लागली आणि एक तरुण कामगार आतच अडकून मरण पावला. अशा आगीला केवळ पाणी पुरत नाही. फोम लागतो, श्वसनयंत्रं लागतात, ती वापरण्याचा सराव असलेली माणसं लागतात. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 ते 20 एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या दिवसांतही आपल्याकडे गंज्या पेटत असतात.

पैशाचं कारणही फार टिकणारं नाही. राज्यांतल्या अग्निशमन सेवेच्या विस्तारासाठी केंद्राने 2023 मध्ये 5,000 कोटींची योजना आणली. मात्र फीत कापून, बंबाला हार घालून ठाणं सुरू होत नसतं. एका गाडीला चालक, लीडिंग फायरमन आणि चार-पाच जवान लागतात, तेही प्रत्येक पाळीला. मंजूर पदांशिवाय बांधलेली इमारत म्हणजे नुसतं गॅरेज.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत उचगाव आणि आसपासच्या पंचायतींनी निवेदनावर न थांबता संयुक्त ठराव करावा: रस्त्यालगतच्या अमुक सर्व्हे नंबरची जागा देतो, बोअरवेल देतो, तुम्ही पदं मंजूर करा. तोवर भातवळी आणि गंजी विजेच्या तारेखाली रचू नका, गंज्यांमध्ये अंतर ठेवा, गल्लीतून बंब जाईल एवढी वाट मोकळी ठेवा. आणि आग दिसली तर मोबाइलवर व्हिडिओ काढण्याआधी 112 लावा.