चौथ्या मितीचे छेद

लांबी, रुंदी आणि उंची या तीन दिशा परस्परांशी काटकोन करतात, आणि या तिन्हींशी एकाच वेळी काटकोन करणारी चौथी दिशा माणसाच्या अनुभवात कुठेही सापडत नाही. तरीही तशी दिशा मानण्यात गणिताच्या दृष्टीने कोणतीही विसंगती नाही. प्रतलावरच्या बिंदूचे स्थान दोन संख्यांनी आणि अवकाशातल्या बिंदूचे तीन संख्यांनी सांगता येते, त्याच न्यायाने चार संख्यांनी ठरणाऱ्या बिंदूंचा अवकाश मांडता येतो आणि त्यातली अंतरे पायथागोरसच्या नियमानेच मोजता येतात. हर्मान मिन्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये काळाला अवकाशाशी जोडून जी चौथी मिती मांडली ती वेगळी. येथे विचार आहे तो चौथ्या अवकाशीय मितीचा, म्हणजे लांबी-रुंदीच्याच जातीच्या आणखी एका दिशेचा. समीकरणांना ही दिशा अडचणीची नसते, अडतो तो डोळा, आणि म्हणूनच गेल्या दीडशे वर्षांत ती डोळ्यांसमोर आणण्याच्या नाना रीती शोधल्या गेल्या.

या रीतींची परीक्षा घेण्यासाठी सर्वांत सोयीची आकृती म्हणजे चतुर्मितीय घन, ज्याला चार्ल्स हॉवर्ड हिंटन या इंग्रज लेखकाने १८८८ मध्ये टेसरॅक्ट असे नाव दिले. बिंदू सरकवला की रेषाखंड होतो, रेषाखंड स्वतःला लंब दिशेने तेवढाच सरकवला की चौरस, चौरस तसाच सरकवला की घन, आणि घन चौथ्या दिशेने सरकवला की टेसरॅक्ट. घनाच्या १२ कडा सुरुवातीच्या जागी, १२ शेवटच्या जागी आणि ८ शिरोबिंदूंच्या मार्गांनी आखल्या गेलेल्या आणखी ८, अशा त्याच्या एकूण कडा ३२ भरतात. याच रीतीने १६ शिरोबिंदू, २४ चौरस आणि त्याला वेढणारे ८ घन मोजता येतात. आकृती दिसण्याआधीच तिची इतकी माहिती नुसत्या मोजणीतून हाती येते, हे या विषयातले पहिले सुख आहे.

पहिली रीत उलगडण्याची. पुठ्ठ्याचा घन कडांवर कापून सपाट पसरला की सहा चौरसांची घडणी मिळते, आणि अशा वेगवेगळ्या घडणी ११ आहेत. टेसरॅक्ट उलगडला की आठ घनांची, त्रिमितीत मावणारी घडणी मिळते आणि तिचे प्रकार २६१ होतात. साल्वादोर दाली यांनी १९५४ मधल्या आपल्या चित्रात ख्रिस्ताचा क्रूस म्हणून यांतलीच एक घडणी रंगवली. मात्र ती घडणी पुन्हा मिटवायची तर चौथ्या दिशेनेच मिटवावी लागते, आणि तिथे कल्पना थांबते.

दुसरी रीत प्रक्षेपाची, म्हणजे सावलीची. मोठ्या घनाच्या पोटात लहान घन आणि दोघांचे कोपरे जोडणाऱ्या रेषा, हे टेसरॅक्टचे सर्वपरिचित चित्र याच रीतीने तयार होते. चित्र प्रसिद्ध असले तरी ते दिशाभूलही करते, कारण आतला घन खरोखर लहान नसतो, तो केवळ चौथ्या दिशेने दूर असतो, आणि दोन घनांच्या मधले सहा तिरपे आकारही मुळात पूर्ण घनच असतात. हा दोष गतीने बराचसा भरून निघतो: ब्राउन विद्यापीठातील टॉमस बँचॉफ आणि त्यांचे सहकारी चार्ल्स स्ट्रॉस यांनी १९७८ मध्ये संगणकावर केलेल्या चित्रपटात टेसरॅक्ट फिरू लागतो, तेव्हा आतला घन फुगत बाहेर येतो, बाहेरचा आत जातो, आणि आठही घन एकाच दर्जाचे आहेत हे पाहणाऱ्याला पटते.

तिसरी रीत छेदांची, आणि ती सर्वांत प्रामाणिक म्हणावी लागेल, कारण तिच्यात कोन वा लांबी कुठेही विकृत होत नाही. सीटी स्कॅनमधल्या एकामागून एक चकत्या वाचून डॉक्टर अवयवाचा आकार मनात उभा करतात, तसेच येथे त्रिमितीय छेदांवरून चतुर्मितीय आकार जुळवायचा असतो. घन एका कोपऱ्यावर उभा धरून आडवा कापत गेले तर आधी बिंदू, मग वाढत जाणारा समभुज त्रिकोण, मग त्याचे कोपरे छाटले जाऊन बरोबर मध्यावर नियमित षटकोन, आणि पुढे हाच क्रम उलटा मिळतो. टेसरॅक्ट त्याच्या लांब कर्णाला लंब असा कापला तर बिंदूनंतर चार त्रिकोणी पृष्ठांचा चतुष्फलक वाढू लागतो, त्याचे कोपरे छाटले जातात, आणि मध्यावर आठ त्रिकोणांचा नियमित अष्टफलक प्रकटतो. चौरसांनीच बनलेल्या आकृतीच्या पोटातून एकही चौरस नसलेला आकार निघावा, ही गोष्ट कोणत्याही चित्रापेक्षा अधिक शिकवून जाते.

या रीतीवर सर्वाधिक प्रभुत्व मिळवले ते अ‍ॅलिशिया बूल स्टॉट (१८६०–१९४०) यांनी. तर्कशास्त्रज्ञ जॉर्ज बूल यांच्या या कन्येची आई मेरी ही, ज्यांचे नाव हिमालयाच्या शिखराला मिळाले त्या भारताच्या सर्वेक्षणप्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. अ‍ॅलिशिया यांना विद्यापीठाचे शिक्षण मिळाले नव्हते. बहिणीचे पती असलेल्या हिंटन यांच्या रंगीत घनांच्या संचातून या विषयाची ओढ लागली, आणि चतुर्मितीत नियमित आकृती सहाच असतात हा स्विस गणितज्ञ लुडविग श्लेफ्ली यांचा शोध त्यांनी स्वतंत्रपणे पुन्हा लावला. त्यांतल्या एका आकृतीला ६०० चतुष्फलकांचा, तर दुसरीला १२० द्वादशफलकांचा वेढा असतो; अशा आकृतींचे छेद मनाने ठरवून त्यांनी ते पुठ्ठ्यात घडवले. ग्रोनिंगेन येथील प्राध्यापक पीटर स्खाउटे यांनी गणिताने काढलेले मध्यछेद या प्रतिकृतींशी जुळले, आणि त्यातून दोघांचे दीर्घ सहकार्य सुरू झाले. कोणताही पदवी अभ्यासक्रम न केलेल्या या गणितज्ञ स्त्रीला ग्रोनिंगेन विद्यापीठाने १९१४ मध्ये सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि त्यांच्या हातच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृती त्या विद्यापीठात आजही जतन केलेल्या आहेत.