अरुण साधू यांची माध्यममीमांसा

अरुण साधू (१९४१–२०१७) यांच्या कादंबऱ्यांचा विचार मराठी समीक्षेत बहुतांशी 'राजकीय कादंबरी' या सदराखाली झाला आहे. ते अयोग्य नाही. परंतु त्यामुळे त्यांची एक महत्त्वाची बाजू झाकली गेली. 'मुंबई दिनांक' (१९७२) व 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्या जितक्या सत्तेविषयी आहेत तितक्याच बातमीविषयीही आहेत. पहिलीचे शीर्षकच बातमीच्या आरंभी येणाऱ्या स्थळकाळाच्या निर्देशावरून घेतलेले आहे. पुढे पुणे विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाचे प्रमुखपद सहा वर्षे सांभाळणाऱ्या या लेखकाची माध्यमविषयक भूमिका शोधावयाची, तर प्रथम या कादंबऱ्यांकडेच वळावे लागते.

साधू यांची पत्रकारिता पुण्यात 'केसरी'त सुरू झाली. नंतरची बरीच वर्षे मात्र 'इंडियन एक्सप्रेस', 'टाइम्स ऑफ इंडिया', 'स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकांत गेली. 'फ्री प्रेस जर्नल'चे ते संपादकही होते. म्हणजे रोजची बातमी इंग्रजीत आणि कादंबरी मराठीत, अशी ही विभागणी आहे. ती केवळ उपजीविकेच्या सोयीची मानणे बरोबर होणार नाही. बातमीला पुरावा लागतो, सूत्र लागते, स्तंभाची मर्यादा पाळावी लागते. मंत्रालयाच्या मार्गिकांत ऐकलेले, जाणवलेले, पण छापता न येणारे असे जे काही मागे राहते, त्याला साधूंनी मराठी कादंबरीत जागा दिली.

'सिंहासन'मधील दिगू टिपणीस हा पत्रकार या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांच्याविरुद्ध अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांनी चालविलेल्या हालचाली तो जवळून पाहतो. दोन्ही बाजूंना तो हवा असतो आणि नेमक्या याच जवळिकीत त्याची कोंडी आहे. सत्तेच्या निकट गेल्यावाचून बातमी मिळत नाही. निकट गेल्यावर बातमीदार त्या खेळातील एक सोंगटी होतो. त्याला लाच द्यावी लागत नाही की धमकी, नुसता विश्वास टाकला तरी पुरते! या दोन्ही कादंबऱ्यांवर आधारित चित्रपटात (१९७९, दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकर) निळू फुले यांनी रंगविलेला दिगू अखेरीस भ्रमिष्ट होतो. सर्व काही ठाऊक असलेल्या माणसाची ही अवस्था म्हणजे माध्यमव्यवहारावरील कठोर भाष्यच आहे.

तुलनेसाठी अमेरिकेतील बेन बॅगडिकियन (१९२०–२०१६) यांचे उदाहरण उपयोगी पडते. तेही मुळात बातमीदार. १९७१ मध्ये पेंटॅगॉनची गोपनीय कागदपत्रे 'वॉशिंग्टन पोस्ट'कडे आणण्यात त्यांचा वाटा होता. पुढे ते बर्कली येथील पत्रकारिता विद्यालयाचे अधिष्ठाता झाले. अमेरिकेतील बहुतांश माध्यमे ५० कंपन्यांच्या हाती आहेत, हे त्यांनी १९८३ च्या ग्रंथात मांडले. २००४ च्या आवृत्तीत ही संख्या ५ वर आली. त्यांच्या लेखी दोष मालकीच्या केंद्रीकरणात आहे. साधूंचा रोख बातमीदार आणि सत्ताधारी यांच्यातील नात्यावर आहे. मालकीचा हिशेब आकड्यांत मांडता येतो. या नात्याचा हिशेब मांडावयास पात्रे, संवाद आणि मौन लागते. म्हणून येथे कादंबरीचा आश्रय अपरिहार्य ठरला असावा.

साधूंचे वैचारिक लेखनही येथे विसरता येत नाही. श्री. ग. माजगावकर यांच्या 'माणूस' साप्ताहिकाच्या परंपरेत त्यांनी चीन, क्यूबा, सोव्हिएत रशिया यांविषयी दीर्घ लेखन केले. 'आणि ड्रॅगन जागा झाला', 'फिडेल, चे आणि क्रांती' यांसारख्या पुस्तकांतून मराठी वाचकाला परदेशी घटनांची तुटक वार्ता न मिळता त्यांची कारणपरंपरा मिळाली. मराठी दैनिकांतील परराष्ट्रविषयक मजकुराच्या तोकडेपणावर याहून नेमकी टीका क्वचितच झाली असेल.

मराठी समीक्षेत 'वृत्तपत्रीय' हे विशेषण बहुधा दूषण म्हणूनच वापरले जाते. साधूंच्या शैलीचे मूल्यमापन करताना हा पूर्वग्रह बाजूला ठेवावा लागतो. त्यांची निवेदनातील घाई, तुकड्यातुकड्यांची रचना, पात्रांची गर्दी या गोष्टी वृत्तकक्षाच्याच आहेत आणि त्या जाणूनबुजून आल्या आहेत. २००७ मध्ये नागपूर येथील ८० व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद साहित्यिक म्हणून त्यांना मिळाले. विद्यापीठात मात्र त्यांचे स्थान फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये होते, आणि मराठी विभाग गणेशखिंडीत. बातमीचा अभ्यास एका आवारात, कादंबरीचा दुसऱ्या.