लहान नाण्याचा पत्ता

मराठीत पैशाला जेवढी नावे आहेत, त्यांतली बहुतेक लहान पैशाची आहेत. दमडी, कवडी, पै, ढब्बू, आणा, चवली, पावली, अधेली. बाजारात दिवसभर हाताळला जायचा तो हाच पैसा, म्हणून भाषेनेही त्याचाच हिशेब ठेवला. बीड जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इथे संस्थानाचा स्वतःचा हाली सिक्का चालत असे. त्याचा रुपया सव्वाअकरा ग्रॅमच्या आतबाहेर. चवली म्हणजे रुपयाचा आठवा भाग, म्हणून तिचे वजन जेमतेम 1.4 ग्रॅम आणि रुंदी सुमारे दीड सेंटीमीटर. एवढ्याशा जागेत चारमिनार बसवलेला आहे आणि भिंग धरले तर त्याच्या कमानीत एकच अक्षर दिसते. ते ‘मीम’ असेल तर नाणे मीर महबूब अली खान यांच्या काळचे, ‘ऐन’ असेल तर शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे. कोणाची राजवट ते एका अक्षरावरून कळावे, हीच लहान नाण्यांची गोडी आहे. ती खर्चिकही नाही. मात्र नाणी जमवण्याचा हा छंद नाण्यांचे जेवढे भले करतो, तेवढेच नुकसानही करू शकतो. यांतले काय होईल हे एका साध्या गोष्टीवर ठरते: नाण्याबरोबर त्याचा पत्ता जपला जातो की नाही.

सोन्याची मोहर लोक जपून पुरत. लहान नाणे हातातून पडे आणि शोधायला कोणी थांबत नसे. म्हणून पुरलेले धन श्रीमंताने काय लपवले ते सांगते, तर सांडलेली चिल्लर देवघेव कुठे होत होती ते सांगते. बीडच्या दृष्टीने याला विशेष अर्थ आहे. नकाशावर पैठण आणि तेर यांना जोडणारी पट्टी ठेवली, तर ती जवळपास बीड शहरावरूनच जाते. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे तेर, या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे. तिथला माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई, असे त्यात म्हटले आहे. या दोन्ही गावांत सातवाहनांची शिशाची, तांब्याची आणि पोटिन या मिश्रधातूची बारीक नाणी मिळाली आहेत. मधल्या टापूत एखाद्या नांगरटीत असे नाणे वर आले, तर ते कुठल्या शिवारात आले हे कळणे नाण्याइतकेच मोलाचे आहे.

याचे कारण नाण्याच्या घडणीतच आहे. हाताने पाडलेल्या नाण्यांत ठसा अनेकदा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा तुकडाच उमटे. शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात, पण कित्येक नाण्यांवर त्यांतली दोन-तीनच वाचता येतात. चकती जितकी लहान, तितके हे जास्त. वापरून गुळगुळीत झालेले शिशाचे नाणे तर जवळपास मुकेच असते. ते स्वतः बोलत नाही, तेव्हा त्याच्या शेजारी काय सापडले यावरूनच अर्थ लावावा लागतो. नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथे 1906 साली चांदीच्या लहान नाण्यांचा साठा मिळाला. नाणी 13 हजारांहून जास्त, प्रत्येक साधारण दोन ग्रॅमची, क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा पराभव करून सातवाहनांनी त्याचेच चलन आपल्या नावाने फिरवले, हा इतिहास त्या एकत्रित साठ्यामुळे पक्का झाला. हीच नाणी शंभर सराफांकडे शंभर ठिकाणी विकली गेली असती, तर त्यांच्या संख्येतून मिळालेला हा पुरावा हाती लागला नसता.

छंदाचे तोटे इथून सुरू होतात. पहिला तोटा सफाईचा. चिंच, लिंबू, राख लावून नाणे चकचकीत केले की वरचा थर जातो आणि त्याबरोबर आधीच पुसट असलेली रेषाही. अकरा ग्रॅमच्या रुपयाला जे सोसते, ते दीड ग्रॅमच्या चवलीला सोसत नाही. दुसरा तोटा हरवण्याचा. त्रावणकोरात चक्रम नावाचे इतके बारीक नाणे होते, की ते मोजायला खळग्यांच्या लाकडी फळ्या वापरत. नेपाळच्या ‘पाव जवा’ या जुन्या नाण्याचे वजन तर 0.002 ग्रॅम, ते फुंकरीने उडेल. तिसरा तोटा फसवणुकीचा. जुन्या पाच पैशांना लाखो रुपये देतो, फक्त आधी ‘शुल्क’ भरा, अशा जाहिराती फिरतात. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही हा धंदा चालल्याने बँकेने 2021 मध्ये लोकांना सावध केले होते. वय म्हणजे किंमत, हा समज सोडलेला बरा. दोन हजार वर्षांपूर्वीचे शिशाचे नाणे स्वस्त असू शकते.

यावर कोणी म्हणेल, मग सगळे सरकारजमा करावे, खासगी छंदच नको. कायदा काही अंशी तेच सांगतो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. हे नियम पाळलेच पाहिजेत. पण लहान नाण्याच्या बाबतीत जुना कायदा लंगडा पडतो. सरकारने निधी घेतला, तर मोबदला धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त. सोन्याच्या मोहरांना हा हिशेब बरा आहे. मूठभर शिशाला तो काहीच नाही. पाच-पंचवीस रुपयांसाठी तहसीलच्या चकरा कोण मारील? म्हणून बारीक नाणी भंगारात जातात, चांदीची असतील तर सोनाराच्या मुशीत. केवळ मनाईने ती वाचणार नाहीत.

ती वाचवली आहेत ती कित्येकदा जाणत्या हौशी माणसांनीच, आणि त्याचे दाखले बीडच्या दोन्ही बाजूंना आहेत. तेर इथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या वस्तू गोळा केल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे. पैठणचे संग्रहालयही बाळासाहेब पाटील यांच्या नावाने ओळखले जाते. या कामाचे बळ त्याच्या स्थानिकपणात होते. तेरची वस्तू तेरलाच राहिली, म्हणून ती कुठली हा प्रश्नच पडला नाही. नाशिकजवळ अंजनेरी इथे नाणेशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे. पण संशोधक वाचतील ते नाण्याबरोबर आलेल्या माहितीच्या आधारेच, आणि ती माहिती पहिल्यांदा ज्याच्या हाती नाणे पडले त्यालाच देता येते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने जमिनीतल्या नाण्यांकडे वळण्याआधी घरच्या डब्यात पाहावे. 1957 च्या दशमान पद्धतीनंतरची नाणी, नंतरचा अॅल्युमिनियमचा पाऊण ग्रॅमचा चौकोनी पैसा, षट्कोनी तीन पैसे, यांत कायद्याची अडचण नाही. सालाखाली तारा असेल तर नाणे हैदराबाद टांकसाळीचे, खेळायच्या पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण असेल तर मुंबईचे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली, त्यामुळे ती आता संग्रहातच टिकतील. आणि नांगरामागे खरोखर जुने नाणे वर आले, तर ते घासू नका, विकू नका. कोरड्या कागदाच्या पुडीत ठेवा, पुडीवर गाव, गट क्रमांक, तारीख आणि जवळ काय सापडले ते लिहा, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.