‘नागाव’मधून ‘ना’ काढला तर?

‘नागाव’ हा शब्द तुम्ही आत्ता वाचला. त्याला जेमतेम पाव सेकंद लागला असेल. तेवढ्या वेळात डोळ्यांनी काही रेषा टिपल्या, मेंदूने त्यांची तीन अक्षरे केली, ‘न’ला काना जोडला, शेवटच्या ‘व’मधला ‘अ’ गाळला (आपण ‘नागाव्’ म्हणतो, तसे लिहीत मात्र नाही) आणि अलिबागच्या दक्षिणेला समुद्रकाठी, नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसलेले एक गाव मनात उभे राहिले. यातले काहीच तुम्हाला जाणवले नाही. पण वर्गात एखादे मूल असे असते की ज्याला यातली प्रत्येक पायरी वेगळी चढावी लागते, आणि तीही चौथी-पाचवीत गेल्यावर. तेच मूल तिथी सांगितली की भरतीची वेळ सांगते, बाजारातला तोंडी हिशेब चुकत नाही, गोष्ट रंगवून सांगते. पुस्तक उघडले की मात्र अडते. अशा मुलाला आपल्याकडे सरसकट ‘ढ’ किंवा ‘आळशी’ म्हटले जाते.

या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. मराठीत ‘वाचन-अक्षमता’ हा शब्द रूढ आहे. तिच्याविषयीची बरीचशी माहिती इंग्रजी वाचणाऱ्या मुलांच्या अभ्यासातून आली. देवनागरी वाचणाऱ्या मुलात ती वेगळी दिसते, आणि म्हणून मराठी शाळेत ती सहज नजरेतून सुटते. या लेखात मुख्यतः याविषयीच सांगायचे आहे.

आधी एक साधा प्रश्न. बोलणे मुलाला कोणी शिकवत नाही, मग वाचणे का शिकवावे लागते? माणूस निदान काही दहा हजार वर्षे बोलतो आहे. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची. नागावच्या शेजारी आक्षी गावात एक कोरीव शिळा आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तिची गणना होते. तिच्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला गेला आहे, जरी या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. हे अक्षर हजार वर्षांचे धरले तरी त्यातली बहुतेक शतके गावातल्या बहुतेकांना ते वाचावे लागलेच नाही. इतक्या थोड्या काळात मेंदूत वाचनासाठी खास भाग उत्क्रांत होणे शक्य नव्हते. म्हणून मेंदू जुनाच भाग नव्या कामाला लावतो. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांनी हे विस्ताराने मांडले आहे. मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, खालच्या बाजूला मागे, वस्तू आणि आकार ओळखणारा एक पट्टा आहे. वाचायला शिकताना तो अक्षरे ओळखू लागतो आणि भाषेच्या, उच्चाराच्या केंद्रांशी त्याची जोडणी पक्की होत जाते. ही जोडणी सगळ्यांच्या मेंदूत सारख्या सहजपणे होत नाही.

ती कुठे अडते? बहुतेक मुलांत डोळ्यांत नव्हे, तर ध्वनींच्या पातळीवर. शब्द म्हणजे ध्वनींची माळ आहे, ती सोडवता येते आणि मणी काढता-घालता येतात, ही जाण त्यांच्यात कच्ची असते. ही गोष्ट पाटी-पेन्सिलीशिवाय तपासता येते. पहिली-दुसरीतल्या मुलाला तोंडी विचारा: ‘नागाव’मधून ‘ना’ काढला तर काय उरते? ‘वाडी’तला ‘वा’ काढून ‘गा’ घातला तर कोणता शब्द होतो? बहुतेक मुले थोड्या सरावाने हसत उत्तर देतात. एखादे मूल मात्र सराव देऊनही गोंधळते. लक्षात घ्या, इथे समोर एकही अक्षर नाही. एवढ्यावरून निदान करू नये, पण अशा मुलावर लक्ष ठेवावे.

डिस्लेक्सियाच्या अभ्यासात शिक्षकाच्या निरीक्षणाला सुरुवातीपासूनच स्थान आहे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, नजर चांगली, अंकगणित येत होते, पण शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नावसुद्धा तो चुकीचे लिहीत असे. त्याला शिकवणाऱ्या मास्तरांचे मत डॉक्टरांनी मुद्दाम नोंदवले आहे: सगळे शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता.

इंग्रजीत ही अडचण ठळक दिसते याचे कारण इंग्रजी स्पेलिंग. एकच अक्षर दहा ठिकाणी दहा उच्चार घेते, त्यामुळे चुका ढिगाने होतात. इटालियन भाषेत लिहावे तसे वाचतात. २००१ साली इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन भाषक प्रौढांची तुलना प्रसिद्ध झाली. डिस्लेक्सिया असलेले इटालियन लोक इतर दोघांपेक्षा चांगले वाचत होते, पण वाचताना मेंदूच्या डाव्या भागातली हालचाल तिन्ही गटांत सारखीच मंद होती. अडचण एकच, पण लिपीप्रमाणे तिचे रूप बदलते. ऑस्ट्रियात जर्मन भाषक मुलांमध्ये हाइन्झ विमर यांना हेच आढळले होते: ही मुले चुकतात कमी, पण वाचतात फार हळू.

आता देवनागरी पाहू. उच्चाराशी इमान राखण्यात ती इटालियनच्या जवळची आहे (‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या ‘च’सारखे अपवाद सोडले तर). पण चिन्हांचा पसारा मोठा. चौतीस-पस्तीस व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेहून जास्त अक्षररूपे, शिवाय जोडाक्षरे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या अभ्यासात दाखवले की अशा अक्षरलिपीवर प्रभुत्व यायला सर्वसाधारण मुलालाही प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात. मात्रांची जागाही ठरलेली नाही. ‘अलिबाग’मध्ये ‘इ’ची वेलांटी ‘ल’च्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. हिंदी वाचकांवरील एका अभ्यासात अशा ऱ्हस्व वेलांटीच्या शब्दांना जास्त वेळ लागतो असे दिसले आहे. ‘र’ तर बहुरूपीच: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘चक्र’मध्ये पायात, ‘ट्रक’मध्ये आणखी निराळा.

म्हणून मराठी वर्गात उलट्या अक्षरांची वाट पाहत बसू नये. २००७ च्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटाने डिस्लेक्सिया घरोघरी पोचवला हे मोठेच काम झाले, पण त्याबरोबर ‘अक्षरे उलटी दिसणे म्हणजे डिस्लेक्सिया’ असाही समज पसरला. इंग्रजीत आरशातल्यासारख्या अक्षरजोड्या आहेत. आपल्याकडे तशा जवळजवळ नाहीतच. आपल्याकडे दिसते ते वेगळे. पाचवीतले मूल अजून अक्षर-अक्षर जोडत वाचते. मात्रा गळतात किंवा शेजारच्या अक्षरावर जातात. जोडाक्षर आले की शब्दाचा अंदाज करून दिला जातो. भ-म, घ-ध यांची गल्लत लवकर जात नाही. एक ओळ संपेपर्यंत ओळीचा अर्थ हरवलेला असतो. आणि समूहवाचन हे तर लपण्याचे उत्तम ठिकाण: धडा पाठ असतो, तोंड बरोबर चालते, बोट मात्र भलत्याच ओळीवर. न पाहिलेला उतारा एकट्याला वाचायला द्या आणि घड्याळ लावा. चुकांइतकेच वेगाकडे लक्ष हवे.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. अलिबागच्या पट्ट्यात अनेक मुलांच्या घरी आगरी बोली आहे. तिच्यात ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. मूल ‘पानी’, ‘डोला’ लिहिते तेव्हा ते ऐकतो तेच प्रामाणिकपणे लिहीत असते. खरे तर ध्वनींची जाण शाबूत असल्याचीच ती खूण! तिला दोष समजून मुलावर शिक्का मारणे ही दुहेरी चूक ठरेल. तसेच नजर, कान, वारंवार होणारी गैरहजेरी, घरच्यांचे स्थलांतर ही कारणे आधी तपासून बाजूला काढायला हवीत.

हे मूल रोज वर्गासमोर अडखळते, हसू झेलते. मग सकाळी पोट दुखू लागते, वही ‘हरवते’, किंवा मूल वर्गातले विदूषक बनते, कारण खोडकर म्हटलेले परवडते, ढ म्हटलेले नाही. चिंता आणि उदासीनता यांचे प्रमाण अशा मुलांत अधिक आढळते. काही मुलांत अवधान टिकवण्याची अडचणही जोडीला असते. दोन्हींची मदत वेगळी आहे, त्यामुळे एकीच्या आड दुसरी विसरू नये.

मदत काय करायची? औषध नाही. ध्वनी आणि अक्षर यांचे नाते सुटे करून, क्रमाने, पुन्हा पुन्हा शिकवणे हाच सिद्ध झालेला उपाय आहे. अमेरिकेत सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना आठ महिने, रोज पन्नास मिनिटे असे शिकवले. वाचन सुधारलेच, शिवाय मेंदूच्या चित्रणात डाव्या भागातली हालचाल वाढलेली दिसली. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात रोज पन्नास मिनिटे एकाला कुठून द्यायची, हे विचारणे रास्त आहे. पण पंधरा मिनिटांचा ध्वनिखेळ सगळ्या वर्गाबरोबर घेता येतो आणि तो कोणाचेच नुकसान करत नाही. समूहासमोर एकट्याने मोठ्याने वाचायला लावणे थांबवायला तर एक पैसा लागत नाही.

महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती आहेत. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षी मुंबईत सुरू झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट झाली. तरी सवलतींचा लाभ दीर्घकाळ मुख्यतः मुंबईतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी घेतला. एक कारण उघड होते: प्रमाणित चाचण्या इंग्रजीत होत्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘डाली’ या चाचण्या २०१५ साली आल्या आणि त्या हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहेत. शिक्षकांनी वर्गात वापरायच्या प्राथमिक चाळणीचाही त्यांत समावेश आहे. निदान तज्ज्ञच करतील, पण त्यांच्यापुढे मूल नेताना तारखांसह ठेवलेल्या नोंदी (कोणता उतारा, किती मिनिटे, कोणत्या चुका) आणि जुन्या वह्या सोबत असाव्यात.

पालकांशी बोलताना आणखी एक गोष्ट विचारा. डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात चालत येतो आणि वय वाढले म्हणून जात नाही. वाडीचा सगळा व्यवहार तोंडपाठ असलेला, पण सातबारा समोर आला की ‘चष्मा घरी राहिला’ म्हणणारा बाप तुमच्यासमोर बसलेला असू शकतो. मुलाचे वर्णन ऐकता ऐकता, आपलेही शाळेत असेच होत होते, असे तो पहिल्यांदाच कोणाला तरी सांगेल.